मस्कतच्या वखारीतली डाळ

मत्रहच्या बाजारात तुम्ही तूरडाळ मागता, तेव्हा फार जुन्या रांगेत उभे असता. 1765 साली कार्स्टन नीबुर हा प्रवासी मस्कतला आला. इथे 1200 च्या आसपास बनिया राहतात आणि आपल्या रीतीने धर्म पाळतात, असं त्याने नोंदवलं. पुढे कच्छच्या मांडवीकडचे भाटिया व्यापारी इथे स्थिरावले. खिमजी रामदास ही पेढी 1870 ची. हे भाटिया वैष्णव, मांस-मासळी वर्ज्य. दारात मासळीने भरलेला समुद्र, पण ताट मात्र गलबतातून येणाऱ्या तांदूळ-डाळीवर!

धर्मासाठी पाळलेली ही रीत आरोग्यालाही मानवणारी. डाळी-कडधान्यांतला चोथा कोलेस्टेरॉल उतरवतो, रक्तातली साखर एकदम चढू देत नाही. पण नुसतं शाकाहारी असून भागत नाही. वनस्पतींत बी-12 जवळजवळ नसतंच. भाटियांना ते दूध-दह्यातून मिळे. तुम्ही दूधही सोडलं असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका. आणि पांढरा भात, फरसाण, चार चमचे साखरेचा चहा हेही शाकाहारीच की!

परतीच्या फेरीत गलबतं खजूर भरून निघत. फलजच्या पाण्यावर पिकलेला हा खजूर मुंबईच्या बाजारात उतरे, आणि तिथून आपल्या आजीच्या उपवासाच्या वाटीत.