ओतणं आणि भरडणं: रजिस्टर वाटपातल्या एका दुरुस्तीचं परीक्षण

राजेगावहून बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा लागतो. दोन्ही काठांवर धान, आणि गोंदियाकडे राईस मिल. एका पोत्यातलं धान दुसऱ्यात ओतणं वेगळं आणि तेच धान मिलमधून काढून दुसऱ्या पोत्यात भरणं वेगळं, हे इथल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिलं काम वाचवता येतं: दुसरं पोतं घेऊच नका. दुसरं वाचवलं तर ताटात तुसासकट धान येईल. कंपायलरमधल्या बगांची एक जात नेमकी याच गफलतीतून जन्मते. तिच्यावरची दुरुस्ती कशी तपासावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबल कितीही असोत, एक्स८६-६४ प्रोसेसरकडे सर्वसाधारण रजिस्टर १६, आणि त्यातलं एक स्टॅकसाठी अडकलेलं. आयबीएममध्ये ग्रेगरी चेटिन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली व्हेरिएबलना रजिस्टर वाटून देण्याच्या या कामाला आलेख रंगवण्याचं रूप दिलं. प्रत्येक व्हेरिएबल हा एक बिंदू. एकाची किंमत ठरते त्या क्षणी दुसऱ्याची किंमत पुढे लागणार असेल, म्हणजे तो जिवंत असेल, तर दोघांमध्ये रेघ ओढायची. रेघेनं जोडलेल्यांना एक रंग, म्हणजे एक रजिस्टर, द्यायचा नाही. कोण कुठवर जिवंत हे शोधणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचा २००९ चा डेटा फ्लो विश्लेषणावरचा ग्रंथ त्यालाच वाहिलेला आहे.

चेटिननी या नियमाला एक अपवाद ठेवला. सूचना निव्वळ नक्कल असेल, ‘ख मध्ये क टाका’ एवढीच, तर त्या सूचनेपुरती दोघांत रेघ ओढायची नाही, कारण दोघांत तीच किंमत आहे. दुसऱ्या कारणानंही रेघ आली नाही, तर दोघांना एकत्र करून ती सूचनाच पुसून टाकता येते. हे ओतणं वाचवणं झालं.

आता बग. एक्स८६-६४ वर रजिस्टरच्या खालच्या ३२ बिटांत लिहिलं की वरचे ३२ बिट आपोआप शून्य होतात. समजा, क मध्ये ४२९४९६७३०१ आहे, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात अधिक ५. ३२ बिटांच्या ‘मूव्ह’ सूचनेनं तो ख मध्ये नेला की ख मध्ये उरतात ५. हे भरडणं आहे, वरचं तूस निघालं. वाटपकाराने याला नक्कल समजून सूचना पुसली, तर ख मध्ये सबंध ४२९४९६७३०१ राहतो. ख हा चार-चार बाइटांच्या अॅरेचा इंडेक्स असेल तर प्रोग्रॅम १६ गिगाबाइट पुढे हात घालतो. एरवी बहुतेक वेळा वरचे बिट आधीच शून्य असतात, म्हणून असा बग वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो.

दुरुस्ती म्हणून पॅच येतो: मूव्ह ३२ बिटांचा असेल तर क आणि ख यांच्यात सरसकट रेघ ओढा. टेस्ट पास होते. मी हा पॅच परत पाठवीन. वाटपात एक रेघ जास्त पडली की सगळे रंग इकडचे तिकडे होतात आणि मूळ चूक तशीच असूनही लक्षण नाहीसं होऊ शकतं. त्यामुळे ‘टेस्ट पास’ हा इथे फारच दुबळा पुरावा आहे. शिवाय ‘हे दोघं एका खोलीत राहू शकत नाहीत’ असं ती रेघ म्हणते, आणि ते खरं नाही. क चं काम तिथेच संपत असेल तर खुशाल राहू शकतात. विनाकारण रेघ म्हणजे गर्दीच्या लूपमध्ये एखादा व्हेरिएबल मेमरीत ढकलला जाणं.

खोटं काय होतं ते शोधलं पाहिजे, आणि खोटं होतं ‘ही नक्कल आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर. पुढे ख चे सगळे ६४ बिट वाचले जाणार असतील तर उत्तर ‘नाही’ हवं. ते सुधारलं की चेटिनचा अपवाद लागू होत नाही. क पुढे जिवंत असेल तर नेहमीच्या नियमानं रेघ आपोआप येते, नसेल तर येत नाही. एलएलव्हीएम या कंपायलरमध्ये ‘वरचे बिट शून्य आहेत’ हे नोंदवायला ‘सबरेग-टू-रेग’ नावाची खास सूचना आहे, पण ती फक्त ग्वाही देते, स्वतः काही पुसत नाही. ग्वाही ठेवून आधीचा मूव्ह काढला तर कागदावर तांदूळ आणि पोत्यात धान.

मुळावरच्या दुरुस्तीलाही एक शेपूट आहे. क संपतो, ख त्याच रजिस्टरमध्ये बसतो, आणि कोड निघतो ‘मूव्ह ईएएक्स, ईएएक्स’ (ईएएक्स हे त्या रजिस्टरच्या खालच्या ३२ बिटांचं नाव). दिसायला स्वतःचंच स्वतःत ओतणं! वाटपानंतर अशा सूचना झाडून टाकणारा एक टप्पा असतो, आणि तो फक्त दोन नावं सारखी आहेत का एवढंच बघत असेल तर आत्ता वाचवलेली सूचना तोच खाऊन टाकील. म्हणून तोही तोच सुधारलेला प्रश्न विचारतो का, हे रिव्ह्यूमध्ये फाइल उघडून बघायचं.

टेस्ट सी भाषेत नको. उद्या वाटपाचे आडाखे बदलले की ती मूळ प्रसंगापर्यंत पोचणारच नाही, आणि पास मात्र होत राहील. मशीन सूचनांच्याच पातळीवर लिहावी, फक्त वाटपाचा आणि त्यानंतरच्या झाडणीचा टप्पा चालवावा, आणि पॅच काढून घेतल्यावर ती नापास होते हे आधी डोळ्यांनी पाहावं. अपेक्षित उत्तरात ‘मूव्ह ईएएक्स, ईएएक्स’ ही ओळ हवी, आणि तिच्या शेजारी कॉमेंट, की ही ओळ वरचे ३२ बिट पुसते, निरर्थक समजून काढू नये.