नाइफफिश (जिम्नॉटिफॉर्मिस)

नाइफफिश हा दक्षिण व मध्य अमेरिकेतील गोड्या पाण्यात आढळणाऱ्या, वीज निर्माण करणाऱ्या माशांचा गण आहे. सुरीच्या पात्याप्रमाणे चपट्या व शेपटीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या शरीरामुळे हे नाव पडले. या गणात २०० हून अधिक जाती आहेत. 'इलेक्ट्रिक ईल' नावाने प्रसिद्ध असलेला मासाही यातलाच असून तो खरा वाम नव्हे.

शरीररचना

या माशांना पाठीवरचा पर आणि श्रोणिपक्ष नसतात. पोटाखालून शेपटीकडे गेलेला लांब गुदपक्ष लाटेसारखा हलवून ते पोहतात. लाटेची दिशा बदलली की मासा मागेही सहज सरकतो. पोहताना शरीर ताठ राहत असल्याने भोवतीचे विद्युतक्षेत्र फारसे विस्कळीत होत नाही.

विद्युतसंवेदना

बहुतेक जाती निशाचर असून गढूळ पाण्यात राहतात; तेथे डोळ्यांचा उपयोग थोडाच. त्यांच्या विद्युत अंगातून क्षीण वीज सतत बाहेर पडते. हे अंग बहुतेक कुलांत स्नायुपेशींपासून, तर अ‍ॅप्टेरोनोटिडी कुलात चेतापेशींपासून बनलेले असते. जवळच्या दगडामुळे, वनस्पतीमुळे किंवा कीटकाच्या अळीमुळे विद्युतक्षेत्रात पडणारा फरक त्वचेतील ग्राहींना जाणवतो आणि मासा अंधारातही भक्ष्य शोधतो. इलेक्ट्रिक ईल मात्र तीव्र धक्का देऊन भक्ष्य निकामी करतो. इलेक्ट्रोफोरस व्होल्टाय या जातीत ८६० व्होल्टपर्यंत दाब नोंदवला गेला आहे.

वर्तन

काही जातींची वीज अखंड लहरींच्या, तर काहींची तुटक स्पंदांच्या रूपात असते. आयगेनमानिया प्रजातीतील दोन माशांच्या लहरींची वारंवारता जवळजवळ सारखी झाली, तर दोघांचीही संवेदना बिघडते. अशा वेळी ते आपापली वारंवारता बदलून परस्परांपासून दूर नेतात. हे वर्तन १९६३ मध्ये वातानाबे व ताकेदा या जपानी संशोधकांनी नोंदवले. पुढे वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी त्यामागील मेंदूचे कार्य उलगडले. प्रणयकाळात व प्रतिस्पर्ध्याशी सामना होताना विजेच्या संकेतांत विशिष्ट चढउतार केले जातात. मात्र हेच संकेत विद्युतसंवेदी भक्षकांनाही कळू शकतात. म्हणजे वाट दाखवणारी वीज जीवावरही बेतू शकते. भक्षकाने तोडलेली शेपटी अनेक जातींत पुन्हा वाढते.

इतर नाइफफिश

भारतातील नोटोप्टेरस व चितळ या माशांनाही इंग्रजीत नाइफफिश म्हणतात. ते नोटोप्टेरिडी कुलातील असून वीज निर्माण करीत नाहीत. लांब गुदपक्षाचे साम्य हे समांतर उत्क्रांतीचे फलित आहे, निकट नात्याचे नव्हे.