पैठणीसोबत चार ओळीही द्या

जुन्या पैठण्या सगळ्यात जास्त गेल्या त्या मुशीत. रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळायची, तिला सोन्याचा मुलामा द्यायचा, अशी ती जुनी जरतार. साडी विरली की काठपदर जाळून चांदी काढून घेत आणि उरलेलं कापड बोहारणीला जाई. नडलेल्या घरांना त्या चांदीचा आधार होता, त्यांना दोष कसा द्यायचा? पण पेशव्यांनी आणि हैदराबादच्या निजामांनी पोसलेल्या कलेचा पुरावा त्यात जळाला.

म्हणून आमच्या संग्रहालयाच्या वस्त्र विभागात पैठणी आली की जीव हरखतो. आधी आम्ही पदराची पाठ बघतो. प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या कांडीने विणून शेजारच्या रंगात अडकवलेला असतो, त्यामुळे नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते. पाठीला उजेड कमी लागलेला असला, तर मूळ रंग तिथेच सापडतो. भिंगातून घडीची रेष बघावी, तर वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून तार तिथेच तुटलेली असते. म्हणून घडी न घालता आम्ही साडी आम्लरहित कागद लावलेल्या रुळावर गुंडाळतो. प्रदर्शनात उजेड 50 लक्सच्या आत ठेवतो. हिराकशीने काळं केलेलं कापड असेल तर अधिक जपतो, कारण त्या रंगातलं लोखंडच धागा खातं.

इतकं करून कापड टिकतं, पण ते कोणी, कधी नेसलं हे कळत नाही. नोंदवहीत नुसतं ‘जुनी पैठणी, जांभळी’.

1866 मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियमच्या फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाचे 700 नमुने 18 खंडांत लावले आणि असे 20 संच केले. इथल्या गिऱ्हाइकाची आवड विलायती गिरण्यांना कळावी, म्हणून चांगली कापडं कापली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तरी नमुन्यांसोबत गाव, लांबी, रुंदी नोंदली होती, म्हणून ते तुकडे आज अभ्यासाला उपयोगी पडतात.

आजीची साडी संग्रहालयाला द्याल, तेव्हा ती धुऊ नका, रफू करू नका. हळदीचा डाग तसाच राहू द्या. कोणाची, कुठे घेतली, कोणत्या कार्याला नेसली, हे लिहून सोबत द्या. आणि पैठणीच कशाला, ठिगळ लावलेलं इरकल लुगडंही आणा. रोजचं नेसूचं आमच्याकडे फार कमी येतं, आणि बहुतेक बायकांचं आयुष्य त्यातच गेलं.