जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, जालना
मनोरुग्णालयाऐवजी सर्वसामान्य आरोग्यसेवेतून मनोविकारांवर उपचार पुरविणारा शासकीय उपक्रम. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये ब्रिटिश अमदानीतील होत. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यांपैकी एकही आले नाही. म्हणून जालना जिल्ह्यात या उपक्रमास विशेष महत्त्व आले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात १९८५ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आरोग्यसेवकांना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग झाला. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशातील ४ जिल्ह्यांत केंद्रीय अनुदानाने जिल्हा कार्यक्रम सुरू झाला व पुढे त्याचा विस्तार झाला. तथापि मंजूर पदांसाठी तज्ज्ञ मिळेनात. त्यामुळे २००९ पासून मनोविकारशास्त्र, चिकित्सा मानसशास्त्र, समाजकार्य व परिचर्या यांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र अनुदान देण्यात येऊ लागले.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये जालन्यासह १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प हाती घेतला. त्यात घरोघरी जाऊन प्रश्नावलीद्वारे खिन्नतेची लक्षणे हेरण्याचे काम आशा स्वयंसेविकांकडे सोपविण्यात आले. अनुदानातून पदे व औषधे उपलब्ध होतात. परंतु विकार वेळीच ओळखला जाणे गावातील या कार्यकर्तीच्या प्रशिक्षणावर अवलंबून असते.