भौतिकोपचाराची परीक्षा : अड्यार ते परळ

चेन्नईत अड्यार नदीच्या पुलालगत दुर्गाबाई देशमुख यांच्या नावाचा एक रस्ता आहे. आपल्या समाजातील अनेकांचे त्या रस्त्याने जाणेयेणे होत असते व पाटीवरील 'देशमुख' हे आडनाव परमुलखात मनाला सुखावून जाते. दुर्गाबाई मात्र जन्माने तेलुगू, राजमहेंद्रीच्या. 1953 साली त्यांचा विवाह महाडनजीकच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला आणि त्या आपल्या झाल्या. या दांपत्याच्या आयुष्यात परीक्षेला फार मोठे स्थान होते; पण दोघांच्या वाट्याला आलेली परीक्षा एकाच जातीची नव्हती. आमच्या प्रस्तुत विषयाचा धागा तेथूनच सुरू होतो.

चिंतामणरावांची कथा मराठी घरांत पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. 1912 साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांचीच, आणि 1918 साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक. दुर्गाबाईंची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. बालपणी झालेला विवाह त्यांनी नाकारला, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास पत्करला, आणि शाळेचे वय उलटून गेल्यावर बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिक परीक्षा खाजगी रीतीने दिली. पुढे पदवी संपादून 1942 साली त्या मद्रासमध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. 1937 साली त्यांनी स्थापिलेल्या आंध्र महिला सभेच्या आरंभीच्या कार्यात, शिक्षण अर्ध्यावर राहिलेल्या स्त्रियांना त्याच मॅट्रिकसाठी तयार करण्याचे शिकवणीवर्ग होते. एकास परीक्षेने शिखरावर नेले. दुसरीने परीक्षेचा दरवाजा मागे राहिलेल्यांसाठी उघडा केला. आम्हास दोन्ही पराक्रम सारखेच थोर वाटतात.

याच सभेने पुढे अड्यारमध्ये पोलिओग्रस्त बालकांसाठी ईश्वरी प्रसाद दत्तात्रेय अस्थिव्यंग केंद्र चालविले. पोलिओने लुळा पडलेला पाय केवळ औषधाने वा शस्त्रक्रियेने चालू लागत नाही. महिनोन् महिने व्यायाम देणारा, आधाराचे पट्टे बांधून पाऊल टाकावयास शिकविणारा जाणता हात लागतो. तो हात कोठे घडतो व त्याची परीक्षा कशी घेतली जाते, हा भौतिकोपचाराच्या, म्हणजेच फिजिओथेरपीच्या, इतिहासातील मूळ प्रश्न होय.

या व्यवसायाचा पाश्चात्त्य इतिहासच परीक्षेपासून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही. 1894 साली लंडनमध्ये मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा बोभाटा झाला, तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. त्यांनी परीक्षा घेण्यास आरंभ केला. उत्तीर्ण होणारीस प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रामुळे समाजात पत, असा तो क्रम होता. त्याच संस्थेस 1920 साली राजसनद मिळाली. आपल्या देशात 1953 साली मुंबईस परळच्या के.ई.एम. रुग्णालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय उघडले. त्यास जागतिक आरोग्य संघटना, मुंबई सरकार आणि मुंबई महानगरपालिका यांचे साहाय्य होते. 1955 साली भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. महाराष्ट्राने देशास दिलेल्या देणग्यांत परळच्या या विद्यालयाची गणना क्वचितच होते. ती व्हावयास हवी.

या विद्येतील परीक्षेचे एक वैशिष्ट्य आहे. येथे विद्यार्थ्यास गुण मिळण्यापूर्वी त्यालाच गुण द्यावे लागतात, आणि तेही रुग्णाच्या स्नायूंना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने रूढ केलेली मोजपट्टी शून्य ते पाच अशी आहे. स्नायूत काहीच हालचाल नाही, तर शून्य. नुसती थरथर, तर 1. अवयवाचा भार काढून घेतल्यावर हालचाल होते, तर 2. स्वतःचा भार पेलून होते, तर 3. थोडा विरोध सोसून होते, तर 4. आणि पूर्ण बळ असेल, तर 5. ज्या पोलिओग्रस्त मुलाच्या मांडीच्या स्नायूस 2 गुण मिळाले, त्यास कोणी अनुत्तीर्ण म्हणत नाही. उपचार कोठून आरंभावा हे त्या आकड्यावरून ठरते, आणि काही आठवड्यांनी तोच स्नायू पुन्हा तपासला जातो.

विद्यार्थ्याची स्वतःची परीक्षा मात्र एवढी उदार असतेच असे नाही. शरीररचना, शरीरक्रिया, विद्युतोपचार, व्यायामोपचार यांच्या लेखी परीक्षेस तोंडी व प्रात्यक्षिकाची जोड असते. पाठांतरात तरबेज विद्यार्थी रुग्णाच्या खांद्यावर कोनमापक ठेवताना गोंधळतो आणि लेखीत मागे पडलेल्या मुलीचे हात रुग्णास धीर देतात, हे अनेक अध्यापकांच्या अनुभवाचे आहे. पूर्वीच्या गुणांचा पुढील लेखी यशाशी संबंध अभ्यासकांना वारंवार आढळला. रुग्णसेवेतील कौशल्याशी तो तितका दृढ आढळला नाही. म्हणूनच 1975 साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी पद्धत मांडली. प्रत्येक विद्यार्थी ठराविक मिनिटांत एकामागून एक ठाण्यांवर जातो, सर्वांना सारखीच कामे मिळतात आणि परीक्षक आधी ठरविलेल्या यादीनुसार गुण देतो. भौतिकोपचाराच्या शिक्षणातही ही पद्धत आता रुळली आहे.

परीक्षा ही शिकण्याचेही साधन आहे, हे 2006 साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी यांच्या प्रयोगाने ठळकपणे दाखविले. उतारा पुनःपुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे राहिले; पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. आपल्या जुन्या गुरुजींची रोजची उजळणी शास्त्रास धरून होती, असाच याचा अर्थ.

हे सर्व येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण आपल्याच घरांत आहे. दूरदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबात मुलाचे गुण ही जणू साऱ्या घराची लाज वा प्रतिष्ठा होऊन बसते. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकलेली मुलगी भौतिकोपचाराकडे वळली की आप्तांच्या पत्रांत सहानुभूतीचा सूर उमटतो. चार-साडेचार वर्षे ती घरापासून दूर कष्ट उपसते, आणि एखादा विषय राहिला की फोनवर बोलणेही टाळते. परीक्षा पुढेही संपत नाहीत. 2021 च्या केंद्रीय कायद्यात या क्षेत्रासाठी सामायिक प्रवेशपरीक्षेची व परवानापरीक्षेची तरतूद आहे. अमेरिकेत जाणाऱ्यांस तेथील राष्ट्रीय परीक्षेत 200 ते 800 या मोजपट्टीवर 600 गुण गाठावे लागतात. परीक्षा कठोर असावी याबद्दल आमचा वाद नाही, कारण तिच्या पलीकडे रुग्ण उभा असतो. परंतु राहिलेला विषय हा दुबळ्या स्नायूसारखा पाहावा: तो कोठे कमी पडला ते शोधावे, तेवढ्यापुरता सराव वाढवावा आणि पुन्हा तपासावे.

भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण 2011 साली हावडा जिल्ह्यात आढळला. त्या रोगासाठी घडलेले हात आता पक्षाघात झालेल्या वृद्धांना, अपघातग्रस्तांना व गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना चालते करीत आहेत. आपल्या मंडळांत दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो व तो व्हावाच. चिंतामणरावांचा आदर्श मुलांपुढे राहिला पाहिजे. त्याच व्यासपीठावर, दुसऱ्या वा तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण होऊन रुग्णसेवेस लागलेल्या एखाद्या मुलीसही नारळ व शाल देऊन बोलवावे, अशी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची विनंती आहे. अड्यारच्या दुर्गाबाईंना तो सत्कार निश्चितच मानवला असता.