तारापूर नांवाचीं तीन ठिकाणें

बोईसर स्टेशनावर उतरून रिक्षावाल्यास ‘तारापूरला चला’ म्हणून सांगावें, तर तो बहुधा उलट विचारील, ‘कोणत्या तारापूरला?’ कारखान्यांच्या वसाहतीचें नांव तारापूर; अणुवीज केंद्राचेंही तेंच. आणि ज्या गांवाचें मुळांत हें नांव, तें राहिलें सुमारें सात मैलांवर, खाडीच्या दक्षिण तीरावर, समोर चिंचणी. एका गांवाचें नांव असें दोन ठिकाणीं कसें गेलें, तें आज पाहूं.

या नांवास वजन आलें तें समुद्रामुळें. येथें पोर्तुगीजांचा किल्ला होता. चिमाजीआप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, १७३९ च्या जानेवारींत, मराठ्यांनीं तो घेतला. परंतु त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यांच्या मातोश्रींस बाजीरावांनीं लिहिलेलें सांत्वनपत्र इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेलच. पुढें हा किल्ला इनाम मिळाला तो याच गांवच्या विकाजी मेहरजी या पारशी व्यापाऱ्यास. हें घराणें निजामाच्या हैदराबादेंत सावकारी करीत होतें, आणि औरंगाबादच्या टांकसाळींतला पेस्तनशाही रुपया हा विकाजींचे बंधु पेस्तनजी यांच्या नांवाचा! खाडीवरच्या लहानशा गांवची पत कोठवर पोंचली होती पाहा.

मग १८६४ मध्यें मुंबई-अमदाबाद आगगाडी सुरू झाली. रूळ किनारा सोडून आंतून गेले. केळवें-माहीमचा तालुका कालांतरानें पालघरचा झाला. बोईसरला स्टेशन मिळालें, तारापूरला नाहीं.

अणुवीज केंद्राचा करार १९६४ चा. वीज निघूं लागली १९६९ मध्यें. केंद्र उभें राहिलें तें अक्करपट्टी आणि पोफरण या किनाऱ्यावरील गांवांशेजारीं. पण नांव दिलें तारापूरचें. माझ्या समजुतीप्रमाणें, बाहेरच्या जगास ठाऊक असलेलें नांव तेवढेंच होतें. पुढें बोईसरच्या पश्चिमेस, सालवड, कोलवडे, कुंभवली या गांवांच्या शिवारांत कारखाने आले, त्या क्षेत्रासही कागदोपत्रीं तारापूरच म्हटलें गेलें. तेथें एखादा स्फोट झाला कीं वर्तमानपत्रांत ‘तारापूर’ छापून येतें. खाडीवरच्या तारापूरकरांस अशा दिवशीं किती नातलगांचें समाधान करावें लागत असेल!

अक्करपट्टी-पोफरणची गोष्ट मात्र निराळी. केंद्राचे तिसरे व चौथे संच उभारतांना हीं दोन्ही गांवें उठवावीं लागलीं. चौथा संच २००५ मध्यें सुरू झाला, तिसरा २००६ मध्यें. शेतकरी आणि मच्छीमार, दोघांचींही घरें गेलीं. पुनर्वसनाचें भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. तारापूरचें नांव माणसांवांचून दूर गेलें. येथें माणसेंच निघालीं, आणि जातांना नांवें बरोबर घेऊन गेलीं. पुनर्वसनाच्या वस्त्यांनाही लोक अक्करपट्टी आणि पोफरण असेंच म्हणतात.