चोर, संन्यासी आणि उघडी विदा

संगणकीय गुन्ह्यांच्या कायद्यांचा इतिहास सहसा चोरांच्या अंगाने लिहिला जातो. त्याच्या पोटात आणखी एक लहानसा इतिहास आहे: ज्याने उघडे दार पाहिले आणि तसे बोलून दाखवले, त्याच्याच मागे कायदा कसा लागला याचा. येथे आम्हांस त्याची काही पाने उलटायची आहेत.

पहिले पान १९८४ सालचे. ब्रिटिश टेलिकॉमची ‘प्रेस्टेल’ ही सेवा दूरध्वनीच्या तारेवरून घरोघरी माहिती पुरवीत असे. रॉबर्ट शिफ्रीन या तरुण पत्रकाराने ओळखक्रमांकाच्या जागी ओळीने दोनचा आकडा दाबला, परवलीचा शब्द म्हणून १२३४ दिले, आणि तो आत गेला! पुढे स्टीफन गोल्ड याच्यासह तो थेट प्रिन्स फिलिप यांच्या टपालपेटीपर्यंत पोचला. दोघांच्या हेतूत कुतूहल होते, खोडसाळपणाही होता. पैशाचा लोभ नव्हता. प्रेस्टेलला या प्रकाराची खबर शिफ्रीनकडूनच मिळाली. १९८५ साली दोघांना अटक झाली. अशा कृत्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून बनावट दस्तऐवजांविषयीचा १९८१ चा कायदा लावण्यात आला. १९८६ मध्ये दंड झाला. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय कायम केला.

या निकालाने उघड झालेली पोकळी १९९० च्या ‘कॉम्प्यूटर मिसयूज ॲक्ट’ने भरून काढली. मात्र त्याच्या पहिल्या कलमास हानी झाली की नाही याच्याशी कर्तव्य नाही. प्रवेशाची परवानगी नव्हती आणि ती नसल्याचे ठाऊक होते, एवढे पुरते. डॅनियल कथबर्ट या सुरक्षातज्ज्ञाने त्सुनामीग्रस्तांसाठी एका संकेतस्थळावर देणगी दिली, आणि ते स्थळ बनावट असावे अशा शंकेने पत्त्यात काही टिंबे व तिरप्या रेघा घालून पाहिल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये तो दोषी ठरला. ४०० पौंड दंड, वर ६०० पौंड खर्च. न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला, पण कायद्याचा शब्द त्यांना ओलांडता आला नाही.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे किंवा त्यातील विदा उतरवून घेणे यासाठी ४३ व्या कलमात भरपाई सांगितली आहे. तेच कृत्य ‘अप्रामाणिकपणे वा कपटाने’ केल्यास, २००८ च्या दुरुस्तीनंतरच्या ६६ व्या कलमानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द संन्याशाचे कवच आहे खरा. पण ते कवच न्यायालयात उपयोगी पडते, पोलीस ठाण्यात नव्हे. जप्त झालेला संगणक, वकिलाचा खर्च, तारखांवर तारखा ही शिक्षा निकालापूर्वीच भोगून होते.

मे २०१७ मधील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने चार सरकारी संकेतस्थळे तपासली. त्यांत निवृत्तिवेतन आणि रोजगार हमीची केंद्रीय स्थळेही होती. सुमारे १३ ते १३.५ कोटी आधार क्रमांक आणि १० कोटींच्या आसपास बँकखात्यांचे क्रमांक तेथून उघड होऊ शकले असावेत, असा संस्थेचा अंदाज होता. ही विदा सरकारी खात्यांनीच जालावर ठेवलेली होती. आधार प्राधिकरणाने मात्र संस्थेलाच पत्र धाडले: हे हॅकिंगवाचून शक्य नाही, तेव्हा ते करणाऱ्यांची माहिती द्या! जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहराने ५०० रुपयांत आधारधारकांचे तपशील मिळत असल्याचे दाखवून दिले, तेव्हा प्राधिकरणाच्या तक्रारीवरून नोंदलेल्या गुन्ह्यात वार्ताहराचेही नाव आले. एडिटर्स गिल्डने निषेध केला. सरकारने, गुन्हा अज्ञातांविरुद्ध असल्याचे सांगून सारवासारव केली.

यातील खरी मेख आधार कायद्याच्या ४७ व्या कलमात होती. त्या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायची ती केवळ प्राधिकरणाच्या तक्रारीवरून. म्हणजे ज्याची विदा उघडी पडली, त्याला त्या कायद्याखाली फिर्यादच नाही. आणि ज्याने ती उघडी असल्याचे सांगितले, त्याच्यावर फिर्याद करण्याचा अधिकार मात्र प्राधिकरणाला! सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडित व्यक्तीलाही तक्रारीचा अधिकार असावा असे म्हटले आणि २०१९ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. खबर देणाऱ्याचे स्थान मात्र होते तेथेच राहिले.

दुसरी वाट नाही असे नव्हे. नेदरलँड्सने २०१३ मध्ये जबाबदारीने खबर देण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या न्यायविभागाने मे २०२२ मध्ये, सद्भावनेने केलेल्या सुरक्षासंशोधनावर खटले भरू नयेत, असे धोरण जाहीर केले. बेल्जियमने २०२३ मध्ये काही अटींवर कायद्यानेच अभय दिले. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, विदाभंग झाल्यास संबंधितांना कळविण्याचे कर्तव्य विदा बाळगणाऱ्यावर घातले आहे. बाहेरून खबर आणणाऱ्या त्रयस्थाविषयी त्यात अवाक्षर नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. संन्याशावरील अन्याय तर त्यात आहेच. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. सूळ पाहिलेला दुसरा संन्यासी उघड्या दारासमोरून मुकाट्याने निघून जातो. चोर तसा जात नाही. आणि जिच्या खात्याचा क्रमांक निवृत्तिवेतनाच्या यादीत महिनोन्महिने उघडा पडून असतो, त्या वृद्धेला यातले काहीच कळत नाही.